विज्ञान मराठीतून कानावर पडले पाहिजे

काजूचा हंगाम आला की सीमेवरच्या गावांतून माणसे सत्तरी, दोडामार्गच्या बागांकडे मजुरीला जातात. माकडतापाचे दिवसही तेच, साधारण डिसेंबर ते मे. शिमोगा जिल्ह्यातील क्यासनूरच्या जंगलात १९५७ साली हा रोग प्रथम ओळखला गेला. त्याचा विषाणू शोधून काढला तो पुण्याच्या संस्थेने, जी आज राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था म्हणून ओळखली जाते. २०१५ साली रोग सत्तरीत आढळला, २०१६ साली दोडामार्ग तालुक्यात. गोव्यातील काजू कामगारांना असलेल्या धोक्यावर शास्त्रज्ञांनी निबंधही लिहिले. ते सारे इंग्रजीत आहेत. ज्यांच्यावर ते लिहिले, त्यांच्यापर्यंत त्यातले किती पोहोचले?

गावात फार तर एक पत्रक येते. मेलेल्या माकडाला हात लावू नका, असे त्यात असते. बहुतेक वेळा ते कन्नडमध्ये असते आणि आमच्या वयस्कर बायाबापड्यांना ते वाचता येत नाही. पण समजा, उद्या ते मराठीत आले, तरी काम अर्धेच होईल. हात का लावायचा नाही, हे कोण सांगणार? माकड मेले की त्याच्या अंगावरचे गोचीड खाली उतरतात आणि तो परिसरच धोक्याचा होतो. माणसाला हा रोग प्रामुख्याने गोचिडीची बारीक पिल्ले चावल्याने होतो. ती इतकी लहान असतात की सहज दिसत नाहीत. आजारी माणसापासून शेजाऱ्याला तो होत नाही, म्हणून रुग्णाला वाळीत टाकण्याचे कारण नाही. एवढे कळले की मजूर बाई बसायची जागा स्वतःच विचार करून निवडेल. तिला नुसता हुकूम नको, कारण हवे.

हे काम पॉडकास्टने चांगले होऊ शकते. शब्द नवा आहे, २००४ साली इंग्लंडच्या एका वृत्तपत्रात तो प्रथम छापला गेला. वस्तू मात्र आपल्या ओळखीची आहे. हा रेडिओवरच्या भाषणासारखाच कार्यक्रम, फक्त वेळेचे बंधन नाही. फोनमध्ये साठवून ठेवावा आणि भाकऱ्या थापताना किंवा गोठ्यात धारा काढताना ऐकावा. अक्षरओळख नसली तरी अडत नाही. शिवाय आवाजाला तपासणी नाका नसतो, पुण्यात बोललेले खानापुरात त्याच दिवशी ऐकू येते.

जर्मनीचे उदाहरण पाहा. कोरोनाच्या साथीत फेब्रुवारी २०२० पासून तेथील उत्तरेकडच्या सार्वजनिक नभोवाणीने ख्रिश्चन ड्रॉस्टेन या विषाणुशास्त्रज्ञाचा असा कार्यक्रम सुरू केला. सुरुवातीला तो जवळजवळ रोज असे. पत्रकार बाई प्रश्न विचारीत आणि ते सावकाश उत्तर देत. ड्रॉस्टेन यांचे निबंध इंग्रजीत असतात, पण आपल्या लोकांशी ते जर्मनमध्ये बोलले. कशाबद्दल खात्री नाही, हेही ते सांगत. शाळा बंद करण्याविषयीचे आपले मत त्यांनी मार्च २०२० मध्ये नवा पुरावा वाचल्यावर बदलले आणि तेही उघडपणे सांगितले. लाखो लोकांनी हे ऐकले. जर्मन भाषेला हे जमते, मग मराठीला का जमू नये?

आपल्याकडेही असे झाले आहे. १९९१ पासून आकाशवाणीने मानवाच्या उत्क्रांतीवर १४४ भागांची विज्ञान मालिका १८ भारतीय भाषांतून प्रसारित केली. माध्यम जुने, पण विचार आजचाच होता.

समितीच्या बैठकीत मी हा विषय काढला, तेव्हा एका कार्यकर्त्याने विचारले, "गुरुजी, आपला लढा काय आणि हे काय काढलंत?" प्रश्न रास्त आहे. मराठीत परिपत्रके मिळावीत ही मागणी आपण सोडलेली नाही, सोडणारही नाही. पण नुसती दुकानाच्या पाटीवर राहून भाषा जगत नाही. तापाचे, बियाण्याचे, पाण्याचे ज्ञान जिच्यातून मिळते, त्या भाषेला मुले धरून राहतात. नाही तर विज्ञान म्हणजे इंग्रजी आणि मराठी म्हणजे भजन-कीर्तन, अशी वाटणी त्यांच्या डोक्यात पक्की होते. वर्गात मी ती होताना पाहतो.

भाषेबाबत एक सूचना. शास्त्रज्ञांनी कोशातले अवघड शब्द शोधत बसू नये. 'व्हायरस' म्हणा की 'विषाणू', वाक्य मात्र मराठी असू द्या. आणि प्रत्येक भागाच्या सुरुवातीला बोलणाऱ्याचे नाव, संस्था आणि तारीख सांगितलीच पाहिजे. व्हॉट्सॲपवर फिरणारे निनावी आवाजही मराठीतच असतात, आणि तेही गोड बोलतात.

पुणे, कोल्हापूर, पणजी येथे मराठी बोलणारे संशोधक आहेत. त्यांना पत्रे लिहिण्याचे काम समितीने करावे. वाचनालयांनी आठवड्यातून एक संध्याकाळ ध्वनिक्षेपक लावून एक भाग सर्वांना ऐकवावा आणि लोकांचे प्रश्न टिपून संशोधकांकडे परत पाठवावेत. माकडतापाचा भाग पहिला असावा आणि तो डिसेंबरच्या आधी, माणसे बागांकडे निघण्यापूर्वी, गावात पोहोचावा.