चर खणताना जीव सांभाळा: हा धडा वर्गातही हवा

शिक्षक मित्रहो आणि पालकहो, गावोगावी पाइपलाइनसाठी चर खणले जातात. आपल्या वर्गातल्या काही मुलांचे आईवडीलच त्यात उतरतात. म्हणून मला वाटतं, घनतेचा पाठ शिकवताना मातीचंच उदाहरण घ्या. एक घनमीटर माती म्हणजे साधारण दीड टन वजन, ओली असेल तर आणखी जास्त! तिच्याखाली छाती दबली की श्वासच घेता येत नाही. आपली काळी माती तर पावसात फुगते, उन्हात तडकते. चराची भिंत घट्ट दिसली तरी तिचा भरवसा नाही.

नियम सोपे आहेत. 1.5 मीटरपेक्षा खोल चराला फळ्या-टेकूंचा आधार द्या, नाहीतर बाजू उतरत्या कापा. उपसलेली माती काठापासून लांब टाका. वर यायला शिडी हवीच. पाऊस झाला की आधी तपासणी, मगच उतरणं. कोणी गाडलं गेलं तर मागोमाग उडी मारू नका, माती पुन्हा ढासळते. लगेच 112 लावा.

“एका दिवसाचं तर काम, आधार कशाला?” असं म्हणणारे भेटतातच. पण माती ढासळायला क्षण पुरतो. फळ्यांचा खर्च वाचवायचा ठेकेदाराने आणि जीव घालवायचा मजुराने, हे कुठलं गणित? मुलांनी हा प्रश्न घरी विचारला, तर आपला पाठ सार्थकी लागला म्हणायचा.