सडे ओसाड नाहीत



‘सड्यांवर झाडे लावून ओसाड जमीन हिरवी करा’ असे सुचवणारे पत्र मागच्या अंकात वाचले. हेतू चांगला आहे, पण उपाय घातक आहे.

कास काय किंवा आंबोली काय, तिथला सडा, म्हणजे खडकाळ पठार, ओसाड नाही. जांभ्या खडकावर मातीचा थर अगदी पातळ. पावसाळ्यात तो चिंब असतो, उन्हाळ्यात तापून कोरडा पडतो. मोठी झाडे इथे सहसा तग धरत नाहीत आणि तेच इथल्या जिवांच्या पथ्यावर पडते. मातीत नत्र कमी, म्हणून दवबिंदू आणि सीतेची आसवे या वनस्पती कीटक वा सूक्ष्मजीव पकडून ती उणीव भरून काढतात. कित्येक रोपे पावसाच्या चार महिन्यांतच रुजतात, फुलतात आणि बी टाकतात. आंबोलीचा दुर्मीळ भेक कातळावरच्या उथळ डबक्यांत अंडी घालतो. खड्डे खणून, भराव टाकून लागवड केली, तर ही डबकी बुजतील आणि उन्हावर वाढणारी रोपे सावलीने मरतील.

कास २०१२ पासून पश्चिम घाटाच्या जागतिक वारसास्थळात आहे, ते या उघड्या सड्यामुळेच. झाडे जरूर लावावीत, पण उजाड झालेल्या डोंगरउतारांवर आणि स्थानिक जातींचीच. लागवडीचे आराखडे आखताना वनविभागाने आणि ग्रामपंचायतींनी सडे वगळावेत, ही कळकळीची विनंती.

– एक वाचक, सातारा