प्राप्तिकराच्या हिशेबातले अपत्य

१९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात आपला प्राप्तिकर घरातली मुले मोजत असे. विवाहित पण निःसंतान करदात्याची करमुक्त मर्यादा ३,००० रुपये, एक अपत्य असल्यास ३,३००, अधिक असल्यास ३,६००. चिंतामणराव देशमुखांनी १९५५ च्या अर्थसंकल्पात विवाहित-अविवाहित असा भेद केला होता, त्याचीच ही पुढची पायरी.

२०२३-२४ पासून आपोआप लागू होणाऱ्या नव्या करप्रणालीत अपत्य खर्चाच्या बाजूला दिसत नाही. उत्पन्नाच्या बाजूला मात्र दिसते: अज्ञान मुलाच्या ठेवीवरील व्याज पालकाच्याच उत्पन्नात मिळवले जाते!

सवलतींचे जंजाळ कमी व्हावे, या मताचा मी आहे. शालेय शुल्काच्या पावत्या दाखवून वजावट मागणारा वर्ग बहुधा सुस्थितीतला असतो. त्याच्यासाठी हळहळण्याचे कारण नाही. दिव्यांग अपत्याची गोष्ट वेगळी. जुन्या प्रणालीत अशा अवलंबितासाठी ७५,००० रुपयांची, तीव्र दिव्यांगत्व असल्यास १,२५,००० रुपयांची वजावट मिळते; नवी प्रणाली स्वीकारताच ती जाते. ही वजावट म्हणजे बचतीला दिलेले आमिष नव्हे. वेतन समान असले, तरी ज्या घरात आयुष्यभर परिचारकाची गरज आहे, त्या घराची कर देण्याची क्षमता शेजाऱ्याइतकी नसते, एवढेच ती मान्य करते.

दिव्यांग कर्मचाऱ्याच्या वाहतूक भत्त्याला नव्या प्रणालीतही सूट आहे. म्हणजे तत्त्व शासनाला मान्य आहे. मग कर्मचाऱ्याच्या दिव्यांग मुलालाच ते का नाकारावे? प्रमाणपत्राची व्यवस्था तयार आहे. येत्या वित्त विधेयकात एका कलमाची दुरुस्ती पुरेल.