बाकीची हाडं कुणाची?

दोस्तांनो, शिरड शहापूरच्या स्टँडवर उतरा आणि विचारा, या मुलखात नवल काय? कुणीही औंढ्याचं देऊळ सांगेल. नामदेव कीर्तनाला उभा राहिला, भटांनी शिंपडा म्हणून मागच्या अंगाला हाकलला, तर देऊळच गर्रकन त्याच्याकडं फिरलं! सातशे वर्षं हीच टेप चालू आहे. दगड फिरला याचं नवल. माणूस हाकलला याचं कुणाला काही वाटत नाही, ते रोजचंच.

नामदेव आपल्याच हिंगोलीकडचा, नरसीचा. पण त्याची दुसरी गोष्ट इकडं कुणी तेवढ्या जोरात सांगत नाही. मंगळवेढ्याला गावकुसाचं बांधकाम चाललं होतं. महार कामाला जुंपलेले. त्यात चोखामेळा. भिंत कोसळली. सगळे खाली गाडले गेले. साल सांगतात १३३८. नामदेव तिथं गेला. ढिगाऱ्यात हाडंच हाडं. यातली चोख्याची कुठली? तर म्हणे एकेक हाड कानाला लावलं आणि ज्यातून विठ्ठल ऐकू आला तेवढी गोळा केली. ती पंढरपुरात महाद्वारासमोर पुरली. समोर, म्हणजे बाहेर. जिता असताना बाहेर, मेल्यावरही बाहेर. ते दार आपल्याला उघडायला १९४७ साल उजाडलं, तेही सानेगुरुजी उपाशी बसले तेव्हा. बाबासाहेबांनी मात्र १९४८ च्या ‘द अनटचेबल्स’ची अर्पणपत्रिका नंदनार, रविदास आणि चोखामेळा यांच्या नावे केली. पायरी नाही, ग्रंथाचं पहिलं पान दिलं.

माझा सवाल निराळाच आहे. ज्या हाडांतून विठ्ठल बोलला नाही ती कुणाची होती? तीही त्याच भिंतीखालची. त्यांनीही तेवढीच माती वाहिली असणार. ती कुणी उचलली? गोष्ट त्यांच्याबद्दल एक अक्षर बोलत नाही.

आता आजचं नवल ऐका. त्याच औंढा तालुक्यात, दुधाळ्याजवळ, लिगो नावाची वेधशाळा व्हायची आहे. केंद्र सरकारनं २०२३ साली २६०० कोटी मंजूर केले. तिला दुर्बीण नसते, एका अर्थानं कानच असतात. काटकोनात दोन नळ्या, एकेक ४ किलोमीटर लांब. आत लेसरचा झोत दुभागून सोडायचा, टोकाच्या आरशांवरून परत आणायचा आणि दोन्ही झोत जुळतात का बघायचं. अवकाशच थरथरलं तर एक बाजू कणभर लांबते, दुसरी आखडते. कणभर कसली, प्रोटॉनच्या हजाराव्या हिश्श्याहून कमी! म्हणून तिला शांत जमीन लागते. रेल्वेचा धडधडाट नको, किनाऱ्यावर आपटणाऱ्या लाटांची थरथरसुद्धा नको. म्हणजे आमच्या गोदीपासून जितकं लांब तितकं बरं.

अमेरिकेतल्या अशाच दोन यंत्रांनी १४ सप्टेंबर २०१५ ला दोन कृष्णविवरं एकमेकांवर आदळल्याचं ऐकलं. सुमारे १३० कोटी प्रकाशवर्षांवरची टक्कर. तीन सूर्यांएवढं वस्तुमान लाटा होऊन निघून गेलं आणि इथं खूण उमटली सेकंदाच्या पाचव्या हिश्श्याएवढी. हे मी मानतो, कारण ही देऊळ फिरल्याची गोष्ट नव्हे. तीन हजार किलोमीटर अंतरावरच्या दोन ठिकाणी तीच खूण उमटली, मोजली गेली, जगानं तपासली. २०१७ साली त्याला नोबेल मिळालं.

आपल्या पोरांनी हे शिकावं. नुसतं फाटकावर शिट्टी घेऊन उभं राहू नये, आत जाऊन आरसे बसवावेत, गणितं मांडावीत. शिरडच्या शाळेत भौतिकशास्त्र शिकवायला धड मास्तर आहे का, हे जाऊन विचारा. देवळाच्या कळसासाठी वर्गणी काढता, मग प्रयोगशाळेसाठी का नाही?

आणि आणखी एक. त्या नळ्यांचा पाया कुणीतरी खणणार. सिमेंट कुणीतरी डोक्यावर वाहणार. गोदीत माल फुटला तर कागदावर येतो, हमालाचं बोट चिरडलं तर ‘जा, पट्टी बांधून ये’. तसं इथं नको. खणणाऱ्याचं नाव पक्क्या हजेरीवहीत आहे का? विमा आहे का? वेधशाळेच्या दारावर पाटी लागेल, मंत्र्याचं नाव असेलच. त्याखाली मजुरांची नावं लावा म्हणून आत्ताच कलेक्टरकडं अर्ज द्या. नावं तीनशे झाली तर पाटी मोठी करा. २६०० कोटींत तेवढा दगड बसतो.