विकत घेतलेला गेम विकता आलाच पाहिजे

जुन्या गेमच्या विक्रीतून तो बनवणाऱ्याला छदामही मिळत नाही, म्हणून ही विक्री म्हणजे त्याच्या कष्टांवर डल्ला, असा आरोप गेम कंपन्या गेली पंचवीसेक वर्षे करत आल्या आहेत. आरोपाचा पहिला भाग खरा आहे. दुसऱ्यांदा विकलेल्या डिस्कवर बनवणाऱ्याला काही मिळत नाही. पण ते मिळायलाच हवे, हे कुठून आले? त्या डिस्कचे पूर्ण दाम त्याने एकदा घेतले आहेत.

जपानमध्ये हा वाद थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. कंपन्यांनी जुने गेम विकणाऱ्या दुकानांना कोर्टात खेचले होते आणि त्यांची बाजू लेचीपेची नव्हती. व्हिडिओ गेम कायद्याच्या नजरेत चित्रपटच ठरतो. चित्रपटाच्या प्रती कोणाच्या हाती जाव्यात हे ठरवायचा खास हक्क जपानी कायदा निर्मात्याला देतो. तेव्हा आमच्या परवानगीशिवाय जुना गेम विकता येणार नाही, असे त्यांचे म्हणणे. १९९९मध्ये टोकियोच्या न्यायालयाने दुकानदारांच्या बाजूने कौल दिला, ओसाकाच्या न्यायालयाने कंपन्यांच्या. अखेर २५ एप्रिल २००२ रोजी सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला. गेम हा चित्रपट आहे, मान्य. वितरणाचा हक्क आहे, तेही मान्य. मात्र घरोघरी खपणाऱ्या प्रतीवरचा तो हक्क पहिल्या कायदेशीर विक्रीबरोबरच संपतो. कंपन्यांचे दोन्ही मुद्दे पदरात घालून न्यायालयाने दुकानदारांना जिंकवले. या विषयावरचा इतका नेमका निकाल मला दुसरा माहीत नाही.

अमेरिकेत तर हे तत्त्व १९०८पासून आहे. एका प्रकाशकाने कादंबरीतच छापले होते की एक डॉलरपेक्षा कमी किमतीला हे पुस्तक विकू नये. मेसीज या दुकानाने ती ८९ सेंटला विकली आणि न्यायालयाने दुकानाची बाजू उचलून धरली.

मग म्हटले जाते, कायदा राहू द्या, जुन्यामुळे नव्याचा खप मारला जातो त्याचे काय? हे म्हणणाऱ्याने गेमच्या दुकानात तासभर उभे राहावे. दुकानदार डिस्क उजेडात तिरकी धरतो, मागच्या बाजूचे ओरखडे बघतो, कव्हर मूळचेच आहे ना याची खात्री करतो, शंका आली तर कन्सोलमध्ये घालून चालवून पाहतो आणि भाव सांगतो. समोरचा कॉलेजचा मुलगा ते पैसे घेऊन घरी जात नाही. वर थोडी भर घालून तिथूनच दुसरा गेम उचलतो. प्लेस्टेशन ५चा मोठा गेम आपल्याकडे पाच हजारांच्या घरात जातो. एवढी रक्कम तो मोजतो, कारण गेम संपल्यावर त्यातले निम्मे तरी परत येतील हे त्याला ठाऊक असते. हा भरवसा काढून घेतला तर पहिली खरेदीच होणार नाही.

मायक्रोसॉफ्टने याचा अनुभव घेतला आहे. जून २०१३मध्ये एक्सबॉक्स वनवर जुने गेम विकण्या-देण्यावर बंधने येतील असे कंपनीने जाहीर केले. सोनीने आपल्या प्लेस्टेशन ४वर असे काही नसेल हे भर मंचावर सांगितले, तेव्हा सभागृह दणाणून गेले. त्याच महिन्याच्या १९ तारखेला मायक्रोसॉफ्टने माघार घेतली.

डिस्कची लढाई ग्राहकांनी जिंकली, म्हणून आता डिस्कच नाहीशी होत चालली आहे. डाउनलोड केलेला गेम विकताच येत नाही. फ्रान्समध्ये एका ग्राहक संघटनेने स्टीम हे गेमचे ऑनलाइन दुकान चालवणाऱ्या व्हॉल्व्ह कंपनीवर खटला भरला. २०१९मध्ये पॅरिसच्या न्यायालयाने पुनर्विक्रीचा हक्क मानला, २०२२मध्ये अपिलात तो निकाल फिरला. डिजिटल प्रत झिजत नाही, त्यामुळे जुनी प्रत नव्याशी बरोबरीने स्पर्धा करते, ही विरोधकांची सगळ्यात भक्कम तक्रार. पण नीट सांभाळलेल्या डिस्कमधला गेमही तसूभर झिजत नाही. गेमचा भाव उतरतो तो नवलाई ओसरल्यामुळे, आणि ती डाउनलोडचीही ओसरते.

राहिला व्यवहाराचा प्रश्न. त्याचे उत्तर स्टीमनेच देऊन ठेवले आहे. काउंटर-स्ट्राइक या गेममधल्या बंदुकीचा रंगीत साज तुम्ही स्टीमच्या बाजारात दुसऱ्याला विकू शकता. वस्तू एका खात्यातून दुसऱ्या खात्यात जाते आणि व्यवहारावर १५ टक्के कापले जातात, त्यातले १० गेमच्या वाट्याचे. बंदुकीचा रंग विकता येतो आणि अख्खा गेम विकता येत नाही, याला तांत्रिक कारण उरतच नाही. डाउनलोड केलेल्या गेमलाही हीच सोय लावावी: विकणाऱ्याच्या खात्यातून गेम जावा, घेणाऱ्याच्या खात्यात यावा, आणि प्रत्येक पुनर्विक्रीत बनवणाऱ्याला ठरावीक वाटा मिळावा. छदामही मिळत नाही ही तक्रार त्याने कायमची मिटेल. डिस्कवर हा वाटा मागण्याचा हक्क कंपन्यांना नाही. डाउनलोडवर तो द्यायला मी राजी आहे, कारण बदल्यात ग्राहकाची मालकी परत मिळते.

आपल्या कॉपीराइट कायद्यात एके काळी आधी विकल्या गेलेल्या संगणक प्रणालीची प्रत पुन्हा विकण्यावरही मूळ हक्कदाराचा ताबा होता. १९९९च्या दुरुस्तीत संसदेने तो ताबा देणारे शब्द वगळले. डाउनलोडच्या बाबतीत कॅलिफोर्नियात २०२५पासून, तुम्ही मालकी घेत नसून फक्त परवाना घेत आहात, हे डिजिटल दुकानांना ग्राहकाला स्पष्ट सांगावे लागते. आपल्याकडे एवढ्यावर समाधान मानू नये. खरेदीचे बटण दाखवून पूर्ण किंमत घेतली, तर तो गेम दुसऱ्याच्या नावावर करून देणे दुकानावर बंधनकारक असावे, अशी तरतूद ग्राहक संरक्षण कायद्यात व्हायला हवी.