योग्य कात्री, पुरेसा वेळ



विमानाचा अ‍ॅल्युमिनियम पत्रा कापण्यासाठी निघालेली ‘एव्हिएशन’ कात्री शीट मेटल शॉपमधील आपल्या बांधवांच्या ओळखीची आहे. दुहेरी सांध्यामुळे ती थोड्या जोरात जास्त कापते. मुठींचे रंग शोभेचे नाहीत. पिवळी सरळ कापते, लाल डाव्या वळणाची, हिरवी उजव्या वळणाची. अनेक ठिकाणी मात्र स्टोअरमधून एकच नग मिळतो आणि वळण काढताना कामगाराचे मनगट पिळवटते.

ही कात्री साधारणपणे १८ गेजपर्यंतचे मऊ पोलाद कापते, स्टेनलेस बहुधा २२ गेजपर्यंतच. त्याहून जाड स्टेनलेस तिने कापायला लावणे म्हणजे कात्री आणि हात दोन्ही मोडणे. तार, खिळे तिने कापू नयेत. कापताना पाती टोकापर्यंत मिटू नयेत. मिटली की तिथे पत्रा फाटतो.

दातेरी पात्यांचे ओरखडे कडेवर राहतात. विमानात थरथरीने अशाच ओरखड्यातून चीर सुरू होते. म्हणून रेषेच्या किंचित बाहेरून कापून कड कानशीने गुळगुळीत करावी लागते. कानस मारण्याचा हा वेळ कामाचाच वेळ आहे. इन्सेन्टिव्हच्या हिशेबात तो धरलाच पाहिजे.

हातात बसणाऱ्या हत्याराची किंमत दिवसभर शिक्के मारणारा पोस्टातील बांधवही जाणतो. तिन्ही कात्र्या, हातमोजे आणि पुरेसा वेळ या मागण्या प्रत्येक शाखेने लेखी नोंदवाव्यात. चांगले काम हवे असेल, तर प्रशासनाने चांगले हत्यार द्यावे!