गुण आणि गुणवत्ता

शालान्त परीक्षेचा निकाल लागला की मुलाला काय येते हे कोणी विचारीत नाही. किती टक्के पडले, एवढेच विचारतात. २०२५ साली राज्यात २११ विद्यार्थ्यांनी दहावीत शंभर टक्के गुण मिळविले. सर्वोत्तम पाच विषयांची बेरीज आणि त्यात खेळाचे व कलेचे सवलतीचे गुण, असा हा हिशेब आहे. ज्या मैदानावर मुलाने परीक्षेचे ओझे विसरावे, ते मैदानही अशा रीतीने गुणपत्रिकेत जमा झाले!

खेळच गुणांच्या आहारी गेला तर काय होते, याचा धडा बर्फावरील फिगर स्केटिंगने दिला आहे. २००२ च्या सॉल्ट लेक सिटी ऑलिंपिकमध्ये परीक्षकांच्या पक्षपाताचा बोभाटा झाल्यावर सहा गुणांची जुनी पद्धत मोडून प्रत्येक उडीला मोल लावण्यात आले. हेतू न्यायाचाच होता. परंतु अवघड उडी कोवळ्या, हलक्या अंगाच्या मुलींना अधिक साधते हे ध्यानी येताच मुलीच त्या घाण्याला जुंपल्या गेल्या. २०२२ साली बीजिंगमध्ये पंधरा वर्षांची कामिला वालिएव्हा, उत्तेजक द्रव्याच्या आरोपाचे सावट डोक्यावर असता, साऱ्या जगादेखत अडखळली, कोसळली. त्याच वर्षी आंतरराष्ट्रीय संघटनेने वरिष्ठ गटाची किमान वयोमर्यादा पंधरावरून सतरावर नेण्याचे ठरविले. मुलींना धीराचा उपदेश करण्यापेक्षा नियम बदलणे हाच खरा उपाय होता.

आमच्याकडे हा प्रश्न वयाचा नसून काट्याचा आहे. मुंबईची तहान भागविणारी भातसा व तानसा ही धरणे शहापूर तालुक्यात आहेत. तेथील कित्येक पाड्यांना मात्र उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते. परीक्षा येते तीही विहिरी आटू लागण्याच्या दिवसांत. शहापूर-मुरबाडच्या अशा पाड्यावरून आश्रमशाळेत आलेल्या कातकरी वा ठाकूर मुलीचे पंचावन्न टक्के आणि खासगी शिकवणीच्या बळावर शहरात मिळविलेले पंचाण्णव आपण एकाच काट्यावर तोलतो. आरक्षणाने प्रवेशाचे दार किलकिले होते. समाजाच्या लेखी ती मुलगी पंचावन्न टक्क्यांचीच राहते.

मोजमाप नको, असे आमचे म्हणणे नाही. मंडळाने गुणवत्ता यादी बंद केली, ते योग्यच झाले. आता सवलतीचे गुण टक्केवारीत न मिसळता स्वतंत्र दाखवावेत. आणि शाळेची पारख मूल आले तेव्हा कोठे होते व गेले तेव्हा कोठवर पोहोचले, यावरून करावी. या काट्यावर शहापूरची एखादी आश्रमशाळा शहरातील नामांकित विद्यालयाहून भारी ठरली, तर त्यात नवल ते काय?